रमजान ईदला मित्राने घरी बोलावलंय. पहिल्यांदाच जातोय आणि मी शाकाहारी आहे. काय न्यावं, कसं वागावं?

बिनधास्त जा, फक्त सकाळचा नाश्ता करून जाऊ नका. आम्ही मिरजेचे. दर ईदला आमच्याकडे पंधरा-वीस दोस्तमंडळी येतात, त्यातली निम्मी तुमच्यासारखीच शाकाहारी.

तेवढं मित्राला आदल्या दिवशी सांगून टाका. पानावर बसून संकोचलात तर त्याच्या आईलाच चुटपुट लागेल. तशीही ही गोडाची ईद. कुर्बानी बकरी ईदला, ती सव्वादोन महिन्यांनी. "बिर्याणी कुठाय?" हे मी बालवाडीपासून ऐकतोय, तेवढं विचारू नका.

शीरखुर्म्यात दूध, शेवया, खारीक, चारोळी, सुकामेवा, तूप. त्यामुळे निर्धास्त खा. आमच्याकडे चांदरातीला, म्हणजे ईदच्या आदल्या रात्री, बारा-एकपर्यंत भिजवलेल्या खारका आणि बदाम कातरत बसायचं काम आम्हा भावंडांचं. दूध अम्मी रात्रीच आटवून ठेवते, पण तुपात परतलेल्या शेवया माणसं नमाजहून परतायच्या बेतालाच टाकते. आधी टाकल्या तर दुपारी वाटीत चमचा उभा राहतो!

सकाळी ईदगाहवर नमाज, खुतबा म्हणजे प्रवचन, मग गळाभेटी, येताना कब्रस्तानात फातेहा, म्हणजे गेलेल्यांसाठी प्रार्थना. त्यामुळे अकराच्या आत जाऊ नका. मित्र गळाभेट घेईल. त्याच्या आईला हात जोडून "ईद मुबारक, काकू" म्हटलं की झालं. मिठाईचा डबा नेऊ नका, त्या दिवशी घरात गोडाला तोटा नसतो, फळं न्या. कुणी वडीलधाऱ्यांनी ईदी म्हणून हातात नोट ठेवली तर नको-नको करू नका, घ्या.

आता तारीख. कॅलेंडरवर छापलेला दिवस पक्का धरू नका. महिना २९ चा की ३० चा, हे चांदावर ठरतं. शिवाय हिजरी वर्षात आपल्यासारखा अधिक महिना नाही, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२५ साली ती पाडव्याला येऊन भिडली. ३० मार्चला संध्याकाळी शेजारच्या काकूंनी गुढी उतरवली आणि साखरेची गाठी आमच्या दारात आणून दिली. मी त्यातलंच एक पदक तोंडात टाकून रोजा सोडला. पाणी पितोय तोवर गच्चीवरून पोरांचा गलका, "दिसला, दिसला!" मग काय, अम्मीची पळापळ, खारका तेव्हा कुठे भिजत पडल्या.

तेव्हा "नक्की कुठल्या दिवशी येऊ?" असं आठवडाभर आधी विचारून काही हाती लागणार नाही. आदल्या रात्री आठच्या सुमारास फोन करा. उचलायला उशीर झाला तर समजा, खारका कातरणं चाललंय.