15 वर्षांनी पुन्हा माउंटन बाइक घेतोय. ठाण्यात राहतो, बजेट 40 हजार. फुल सस्पेन्शन घेऊ की हार्डटेल? की जुनी 26 इंचीच दुरुस्त करू?

हार्डटेल घ्या, म्हणजे फक्त पुढे शॉक असलेली. 40 हजारांत मागेही शॉक असलेली, म्हणजे फुल सस्पेन्शन सायकल फुकट मिळाली तरी आणू नका.

इतकं ठासून सांगतोय, कारण मी ती आणली होती. बारा वर्षांच्या खंडानंतर. मला हार्डटेलच हवी होती, पण दादा दुकानात सोबत आला. म्हणाला, "चाळिशी आली, पाठीचा विचार कर, दोन्हीकडे शॉक्सवाली घे." थोडे पैसे त्याने घातले होते, म्हणून मी गप्प बसलो. पहिल्याच रविवारी ठाण्यातल्या उपवनहून येऊरच्या डोंगरावर निघालो. कॉलेजात असताना हा चढ मी न थांबता चढायचो. या वेळी चढ लागला आणि सायकल खाली-वर झुलायला लागली. पेडलवर दिलेला जोर आधी मागच्या स्प्रिंगमध्ये जिरायचा, उरलेला चाकाला मिळायचा. या किमतीत बहुतेक वेळा तिथे नुसती स्प्रिंग असते. तिची उसळी आवरणारं डॅम्पिंग नसतं, शॉक हवा तेव्हा बंद करायचा लॉकआउटही नसतो. वर वजन 18 किलो. तीनदा उतरून ढकलत नेली.

घरी आल्यावर दादा म्हणाला, "सायकलीचा काय दोष? तुझाच दम गेलाय." ते फार लागलं. मलाही ते खरं वाटायला लागलं आणि सायकल सात-आठ महिने जिन्याखाली पडून राहिली. मग सोसायटीतल्या एका मुलाने त्याची हार्डटेल एका सकाळसाठी दिली. 13 किलोची, पुढचं चाक धरणारा फोर्क लॉकआउटवाला, स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा. तोच चढ आणि मधल्या काळात काहीही व्यायाम न केलेला मी. एकदाही पाय टेकला नाही. वर पोचून दादाला फोन लावला, तर धड बोलताही येईना.

आता तुमचं. 15 वर्षांत सायकलीची ठेवण बदलली आहे. हँडल रुंद झालंय, हँडल धरणारा स्टेम आखूड झालाय आणि पुढचा फोर्क जास्त तिरका असतो. पहिले दोन दिवस विचित्र वाटेल, पण उतारावर फरक कळेल. पुढे पेडलपाशी दात्यांची एकच चकती दिसली म्हणून नाही म्हणू नका. पुढे 32 आणि मागे 51 दात म्हणजे चाक मोठं धरूनही आपल्या जुन्या 22-34 (पुढे 22, मागे 34) च्या जवळपास जाणारा हलका गिअर. तुमच्या बजेटमध्ये मागे 51 क्वचित मिळेल. 42 असेल तर पुढे 30 ची चकती बसते का ते विचारा, नाहीतर पुढे दोन चकत्यांची घ्या. ब्रेक हायड्रॉलिकच, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे हवेत. चाक 29 इंची घ्या, घोडबंदरच्या खड्ड्यांवरून ते सहज जातं. उंची कमी असेल तर 27.5 बघा. साइज मात्र पूर्वीसारखी नुसतं दांडा दोन पायांमध्ये घेऊन उभं राहून ठरवू नका, सीटवर बसून हात हँडलपर्यंत आरामात पोचतात का ते बघा.

जुनी 26 विकू नका. साधे टायर-ट्यूब अजून सगळीकडे मिळतात, भाजी-दूध आणायला ती उत्तम. तिला नवा चांगला फोर्क शोधत बसण्यात मात्र अर्थ नाही.

चांगली फुल सस्पेन्शन वाईट असते असं मी म्हणत नाही. तिला तुमच्या बजेटच्या कितीतरी पट पैसे लागतात, एवढंच. आणि हो, येऊरचा डांबरी रस्ता सोडून पायवाटांवर घुसू नका. ते राष्ट्रीय उद्यान आहे, वनखात्याची परवानगी लागते. पाठीचं दुखणं खरोखर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मी सायकलीपुरतंच सांगू शकतो.

दुकानात एकटे जा, किंवा जो अजून स्वतः चढ चढतो त्यालाच सोबत न्या. माझा दादा आजही म्हणतो की त्या सायकलीत काही खोट नव्हती. ती अजून जिन्याखाली आहे. त्याने एकदा स्वतः येऊरला न्यावी, टायरमध्ये हवा मी भरून देतो.