एकच गाणं, वीस वेळा

*ताई, सहा महिन्यांपूर्वी आमचं संपलं. तेव्हापासून रोज रात्री एटा जेम्स या अमेरिकन गायिकेचं ‘आयड रादर गो ब्लाइंड’ लावते, कधी कधी वीस वेळा. आता गिटारवर बसवतेय, पण दुसऱ्या कडव्यात गळा दाटतो. नीट जमलं की रेकॉर्ड करून त्याला पाठवावं असं वाटतं. मला वेड लागलंय का? – अ., वय 27*

वेडबिड काही नाही गं. पण पाठवण्याचं आधी सांगते: पाठवू नकोस. ‘तुला जाताना बघण्यापेक्षा डोळे गेलेले परवडले’ अशी ही विनवणी. ती अचानक फोनवर येऊन पडली की समोरचा अवघडतो, आणि तू रात्रभर दोन निळ्या टिकांकडे बघत बसतेस.

आता वीस वेळांचं. 1967 साली अलाबामातल्या मसल शोल्सच्या फेम स्टुडिओत झालेलं हे अडीच मिनिटांचं गाणं ‘टेल मामा’च्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला निघालं होतं. मूळ कल्पना तिचा गीतकार मित्र एलिंग्टन जॉर्डनला तुरुंगात सुचली आणि आपण ती त्याच्याबरोबर पुरी केली, असं एटाने आत्मचरित्रात सांगितलंय. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, फक्त दोन: ए आणि बी मायनर. जिच्यावरून हक्काने घरी, म्हणजे ए वर, परतता येतं ती ई कॉर्ड येतच नाही. त्यामुळे गाणं सुटत नाही, नुसतं फिरत राहतं आणि शेवटी विरून जातं. तू ते पुन्हा लावतेस यात नवल नाही, त्याला शेवटच नाही! म्हणून रिपीटचं बटण बंद कर. दिवसातून एकदाच, बसून, दिवा लावून ऐक. झोपताना तर नकोच.

गिटारसाठी बी मायनरच्या बारेशी, म्हणजे एका बोटाने अनेक तारा दाबण्याशी, झगडू नकोस. दुसऱ्या फ्रेटवर (गिटारच्या दांड्यावरच्या आडव्या घरावर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबणारा चिमटा, लावून जी आणि ए मायनर धर, मूळ सूरच मिळेल. ठोके चार, प्रत्येकात तीन मात्रा. दादरा ऐकलेल्या कानाला हा तीन-तीनचा झोका परका वाटणार नाही. सगळे घाई करतात आणि तिथेच गाणं मरतं. ठोके देणारा मेट्रोनोम मिनिटाला 60 वर ठेव, एका टिकेत तीन मोज. आवाज ठोक्याच्या किंचित मागे राहू दे.

गळ्याचं कारण साधं आहे. रडू येताना श्वासासाठी घसा उघडा राहू बघतो, आणि आवंढा गिळताना तो मिटावा लागतो. त्या ओढाताणीचा गोळा होतो. दुसऱ्या कडव्यात हातातल्या ग्लासमध्ये तिला स्वतःचे अश्रू दिसतात, तिथेच तू अडकतेस. त्या ओळी आधी दहा वेळा नुसत्या बोल, भाजीवालीशी बोलावं तशा. मग तोंड मिटून गुणगुण, मग शब्द. तरीही दाटलं तर कॅपो काढून टाक, पट्टी दोन अर्ध्या सुरांनी उतरेल. आणि सुरुवातीलाच ओरडू नकोस. एटासुद्धा आधी आवाज राखून ठेवते.

झोप आणि जेवण दोन आठवड्यांहून जास्त बिघडलं असेल तर मात्र गाण्याची वाट बघू नकोस. 14416 वर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन कर, पैसे पडत नाहीत.

मैत्रिणींसमोर गाणार असशील तर शेवट आधीच ठरव. रेकॉर्डसारखं विरत जाणं खोलीत जमत नाही. शेवटच्या ओळीनंतर पहिल्या कॉर्डवर एकदाच हात फिरव आणि तारा थांबेपर्यंत गप्प बस.