लेझरची शक्ती वाढवत नेली, तर फ्यूजन (हलकी अणुकेंद्रके जोडून ऊर्जा मिळवणे) साधणार नाही का? मग अमेरिकेतील लिव्हरमोर प्रयोगशाळेला इतकी वर्षे का लागली?

तुमच्या प्रश्नातील पहिले वाक्य मी अकरा वर्षांपूर्वी परदेशातील एका प्रयोगशाळेत माझ्या वरिष्ठांच्या तोंडून ऐकले होते, म्हणून हे उत्तर लिहीत आहे. नुसती शक्ती वाढवणे हा उपाय नव्हे, कारण लेझरने तापून तयार होणारा प्लाझ्मा, म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन असलेला तप्त वायू, ती निमूटपणे शोषून घेत नाही.

मागे परतणारा प्रकाश मोजण्याचे काम तेव्हा माझ्याकडे होते. सोन्याच्या, वायू भरलेल्या लहानशा नळकांड्यात (फ्यूजनच्या प्रयोगात इंधनाची गोळी अशाच नळकांड्यात ठेवतात) ३५१ नॅनोमीटरचा अतिनील किरण सोडायचा आणि आल्या वाटेने काय परतते, त्याचा वर्णपट नोंदवायचा. एकदा ५५० नॅनोमीटरच्या आसपास एक रुंद पट्टा उमटला आणि लेझरच्या स्पंदाच्या (क्षणिक झोताच्या) उत्तरार्धात तो ठळक होत गेला. अतिनील प्रकाश आत गेला आणि हिरवा बाहेर आला, याचा अर्थ मधली ऊर्जा प्लाझ्मातील इलेक्ट्रॉन-लहरीने घेतली होती. यालाच उद्दीपित रामन प्रकीर्णन म्हणतात. वरिष्ठांनी तो उपकरणाचा दोष ठरवला. मी तीन आठवडे कॅलिब्रेशन पुन्हा केले, पट्टा तसाच राहिला, तरी अहवालात ‘मोजमापातील अनिश्चितता’ एवढेच छापले गेले. हे मला आजही लागते, कारण परतलेल्या प्रकाशाइतकीच ती लहरही घातक असते: तिच्यामुळे वेग घेतलेले इलेक्ट्रॉन इंधनात वेळेआधी शिरून ते तापवतात, आणि तापलेले इंधन हवे तितके दाबता येत नाही.

हा धडा जुना आहे. लिव्हरमोरच्याच २० किरणांच्या ‘शिवा’ लेझरला १९७०च्या दशकाच्या अखेरीस अवरक्त प्रकाशामुळे अशाच इलेक्ट्रॉनांनी अडवले, आणि पुढचा ‘नोव्हा’ अतिनीलकडे वळला. लिव्हरमोरच्याच ‘एनआयएफ’ (नॅशनल इग्निशन फॅसिलिटी) या आताच्या लेझरमध्येही २०१२ पर्यंतच्या प्रयोगांत नळकांड्यात दाट हीलियम होता आणि सुमारे १५ टक्के ऊर्जा मागे परतत होती. वायू विरळ केल्यावर हे नुकसान बरेच घटले. मात्र सोन्याची भिंत लवकर आत फुगू लागल्याने स्पंद आखूड करावे लागले.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ५ डिसेंबर २०२२ रोजी ‘एनआयएफ’मध्ये लेझरचे २.०५ मेगाज्यूल देऊन फ्यूजनमधून ३.१५ मेगाज्यूल मिळाले, तेव्हा लेझरची ऊर्जाही आधीच्या वर्षीपेक्षा थोडी वाढवलेली होती. शिवाय एका किरणातून दुसऱ्यात ऊर्जा वळण्याचा जो उपद्रव होता, तोच किरणांच्या तरंगलांबीत काही अँगस्ट्रॉमचा फरक ठेवून इंधनाची गोळी सर्व बाजूंनी सारखी दाबण्यासाठी वापरला जातो.

तरीही कोणी शक्ती वाढवा म्हटले, तर आधी परतलेल्या प्रकाशाचा वर्णपट मागा. वायूची घनता बदलली की रामनचा पट्टा जागा बदलतो. उपकरणाचा दोष तसा सरकत नाही. तो एक प्रयोग मी लेखी मागितला होता, आणि मला तो करू दिला गेला नाही.