मधल्या सुट्टीमुळे मुलांच्या वर्गातल्या वागण्यात खरंच फरक पडतो का?
हो, पडतो. २००९ मध्ये पेडियाट्रिक्स या मुलांच्या आरोग्यावरच्या जर्नलमध्ये अमेरिकेतल्या ८-९ वर्षांच्या हजारो मुलांचा अभ्यास आला होता, त्यात रोज १५ मिनिटांपेक्षा जास्त सुट्टी मिळणाऱ्या मुलांच्या वर्गाचं वागणं टीचर्सनी जास्त चांगलं सांगितलं होतं. सुट्टीआधीच्या तासाला बघा ना, पोरं चुळबुळ करतात, मुद्दाम पेन्सिल पाडतात, शेजारच्याला कोपर मारतात आणि तीच पोरं घामाघूम होऊन आली की दोन मिनिटं दंगा, पाणी पिऊन झालं की बसतात शांत. म्हणून मस्ती केली की शिक्षा म्हणून सुट्टीच बंद, हे मला अजिबात पटत नाही, ज्याला धावायची सगळ्यात जास्त गरज त्यालाच कोंडून ठेवायचं! अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१३ मध्ये शिक्षा म्हणून सुट्टी काढून घेऊ नका असंच सांगितलंय.