संपादक नेमण्याआधी त्यांच्या हातात एक कच्चा लेख द्या

तुमच्या विधी-इतिहासाच्या (कायद्याच्या इतिहासाच्या) सहामाही नियतकालिकाचे संपादक मार्चअखेर निवृत्त होताहेत, आणि 'जाहिरात कुठे द्यावी, एखाद्या निवृत्त न्यायमूर्तींना विनंती करावी का' असं तुम्ही विचारलंय. वाचूनच पोटात गोळा आला. सात वर्षांपूर्वी आम्ही नेमके इथेच होतो. मी तेव्हा संपादक मंडळाचा चिटणीस होतो आणि जे चुकलं त्या कागदांवर माझी सही आहे.

आयएसएसएन (नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), संदर्भपद्धती, मंडळाचा ठराव वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही.

जाहिरातीचा मसुदा आम्ही पालकसंस्थेच्या आस्थापना शाखेकडे, म्हणजे नोकरभरती पाहणाऱ्या कचेरीकडे पाठवला. त्यांनी प्राध्यापकभरतीचा साचा काढून तोच पुढे केला : कायद्यातली पीएच.डी., 15 वर्षं अध्यापन. संपादनाचा अनुभव कुठेच नाही. मी दोन पत्रं लिहिली, तीनदा जाऊन बसलो. 'नियमात बसत नाही' यापलीकडे उत्तर नाही. फाइल पाच महिने त्या एका टेबलावर होती. अंक लांबत चालला, म्हणून शेवटी मी तो मसुदा होता तसा मान्य केला. मान्य करायला नको होता. अंक उशिरा निघाला असता तर वाचकांनी समजून घेतलं असतं.

नऊ अर्ज आले. त्यात एक बाई होत्या. इतिहासाच्या एम.ए., वीस वर्षं मोडी वाचणाऱ्या, जुन्या अस्सल कागदपत्रांचे दोन साधनग्रंथ संपादित केलेल्या. कायद्याची पदवी नाही म्हणून छाननीतच बाद झाल्या. निवड झाली ती एका नामवंत गृहस्थांची. मोठे विद्वान, त्यांच्याबद्दल आजही आदर आहे. पण मुलाखतीच्या वीस मिनिटांत आमच्यापैकी एकानंही त्यांच्यापुढे कच्चा लेख ठेवला नाही.

त्यांच्या दुसऱ्याच अंकात पेशवाईतल्या एका वतनाच्या निवाड्यावर लेख होता. मूळ कागदावर सन 'सीत सितैन मया व अलफ' असा अरबी शब्दांत, म्हणजे मराठेशाहीच्या दफ्तरांतल्या शुहूर सनाचं वर्ष 1166. शुहूर सनात 599 मिळवले की इसवी सन येतो (वर्ष मृग नक्षत्राला, जूनच्या सुमारास सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मे या महिन्यांसाठी 600). म्हणजे 1765-66, थोरल्या माधवरावांची कारकीर्द. लेखकानं तो आकडा फसली, म्हणजे महसुली हिशेबाचा सन धरला, 590 मिळवले आणि निवाडा 1756-57 मध्ये, नानासाहेबांच्या काळात नेऊन ठेवला. रामशास्त्री प्रभुणे मुख्य न्यायाधीश झाले 1759 साली. आणि लेखाचा सगळा युक्तिवाद हाच होता की रामशास्त्र्यांच्या आधीही न्यायाधीश असा सविस्तर निवाडा देत. नऊ वर्षं सरकल्यावर त्यात उरलं काय?

लेख दोन समीक्षकांनी वाचला होता. दोघेही घटनात्मक कायद्याचे, संपादकांच्या ओळखीचे. अंक निघाल्यावर पुण्याहून एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं. त्यावर नाव, नमस्कार आणि 1166 + 599 एवढी बेरीज. शुद्धिपत्र छापायला आम्हाला तरीही आठ महिने लागले, कारण संपादकांना तो कमीपणा वाटला. लेखक तरुण होता, पहिलाच लेख. त्यानं पुन्हा आमच्याकडे काही पाठवलं नाही. मला आजही सगळ्यात जास्त ते लागतं. ती चूक पकडून त्याला फोन करणं, एवढ्यासाठीच तर संपादक असतो.

तेव्हा माझं मत (मराठी नियतकालिकापुरतंच, इंग्रजीचा मला अनुभव नाही) : न्यायमूर्तींना सल्लागार मंडळावर सन्मानानं घ्या, संपादक म्हणून नको. संपादकाला सगळं यायला हवं असंही नाही, पण कुठला कागद कुणापुढे ठेवायचा हे कळायला हवं. आम्ही पुढच्या वेळी उमेदवारांना तीन सारांश दिले : गोव्यातल्या गावकरीसंबंधीचा (गावच्या सामाईक जमीनव्यवस्थेसंबंधीचा) 1526 चा फोराल, म्हणजे पोर्तुगीज सनद, एल्फिन्स्टनच्या 1827 च्या कायद्यांची कोकणातल्या अदालतीतली अंमलबजावणी, आणि स्त्रियांच्या वारसाहक्काबद्दल मिताक्षरा आणि व्यवहारमयूख या हिंदू धर्मशास्त्राच्या दोन ग्रंथांतला फरक. प्रश्न एकच : हे परीक्षणाला कुणाकडे पाठवाल? जी व्यक्ती म्हणाली, 'पोर्तुगीज मला येत नाही, पण आधी ते वाचणारा माणूस शोधेन, मग कायद्याचा', तिलाच आम्ही घेतलं. तीन वर्षं झाली, एकदाही पस्तावलो नाही.

शिवाय आठ पानांचा एक कच्चा लेख घरी न्यायला द्या, आठवड्याची मुदत द्या आणि त्याचे पैसे द्या. फुकट चाचणी घेऊ नका. परत आल्यावर शुद्धलेखनाच्या खुणा मोजत बसू नका, लेखकाला लिहिलेलं पत्र वाचा. 'पृष्ठ 4 वरचा सन पुन्हा तपासाल का, मूळ कागदाचं छायाचित्र पाठवाल का' असं लिहिणारा माणूस सापडला की सोडू नका.

शोधायचं कुठे, तर विधी महाविद्यालयांइतकंच पुणे पुराभिलेखागाराच्या वाचनकक्षात आणि भारत इतिहास संशोधक मंडळात विचारा. आस्थापना शाखेनं अडवलं, तर पदनाम 'मानद संपादक' करून प्रत्येक अंकामागे मानधन ठेवता येतं का ते बघा. आमचं काम त्यानं झालं, पण प्रत्येक संस्थेची घटना वेगळी, हिशेबनिसाला आधी विचारा. 'यूजीसी-केअर यादीतलं नियतकालिक' हे जाहिरातीतून काढा, विद्यापीठ अनुदान आयोगाची ती मान्य नियतकालिकांची यादी 2025 मध्ये बंद झाली. 2023 च्या नियतकालिक नोंदणी कायद्याच्या व्याख्येतून शैक्षणिक नियतकालिकं वगळली आहेत. तुमची जुनी नोंदणी असेल तर संपादकबदलाचं काय करायचं ते वकिलाला दाखवा, मी वकील नाही.

आणि हे उद्याच करा : जुन्या संपादकांच्या खासगी ईमेलवर पडून असलेले लेख मागून घ्या, तारखांसकट. श्रीलिपीत (युनिकोडआधीच्या जुन्या फाँटप्रणालीत) टाइप केलेले असतील तर युनिकोडमध्ये आणताना मूळ कागदाशी ताडून पाहा. रफार आणि अर्धी अक्षरं हमखास बिघडतात, आणि मोडी कागदांच्या लिप्यंतरात ती चूक नुसती नजर टाकून सापडत नाही. आमच्या चाचणीचे तिन्ही सारांश माझ्याकडे आहेत, हवे असतील तर सांगा, पाठवतो.