थांबायचं कुणी?

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

नायब तहसीलदार म्हणून तू रुजू झालीस, हे तुझ्या आईकडून कळलं. फार आनंद झाला. कायदा आणि परिपत्रकं तुला पाठ आहेत, त्यावर मी काही लिहीत नाही. हाती अधिकार आल्यावर माणसानं वागावं कसं, एवढंच लिहितो. सगळी नोकरी महसूल खात्यात काढली, पण त्या बाबतीत पंढरपूरच्या विठोबाहून मोठा आदर्श मला सापडला नाही.

पुंडलिकाची गोष्ट तू लहानपणापासून ऐकत आलीस. देव दारात आला तेव्हा तो आईवडिलांची सेवा करत होता. तो उठला नाही. वीट पुढे टाकली आणि थांबायला सांगितलं. देव थांबला, अठ्ठावीस युगं थांबला. ‘हा माझ्यासमोर उठून उभा राहिला नाही’ हे त्याच्या मनातही आलं नाही. आपल्याकडे साहेब आल्यावर एखादा म्हातारा बाकड्यावरून उठला नाही, किंवा जरा चढ्या आवाजात बोलला, की त्याचा अर्ज गठ्ठ्यात खाली सरकतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. खुर्चीत बसलं की मानापमान फार लवकर अंगात भिनतो, सांभाळ.

आणि त्या गोष्टीत थांबतो कोण, ते बघ. ज्याच्या हाती सगळं आहे, तो. कचेरीत नेमकं उलटं चालतं. निराधार योजनेच्या हयातीच्या दाखल्यासाठी आलेली एखादी म्हातारी घे. जन्मभर खुरपणी आणि धुणीभांडी करून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे मशीनवर अंगठा उठत नाही. ती पदराला पुसून पुन्हा ठेवते, पुन्हा नाही. मागची रांग कुरकुरते आणि बाबू सांगतो, ‘उद्या या.’ तिचा रोज बुडतो, एसटीचं भाडं जातं, सोबत आलेल्या नातवाची शाळा बुडते. तिला बसवून पाणी दे. दुसरं बोट लागतंय का बघ, नाहीतर नियमात बसणारी दुसरी वाट शोध. तुझी दहा मिनिटं जातील, जाऊ देत. वेळेची झळ ज्याला सोसवते त्यानं ती सोसायची, सबुरी मी यालाच म्हणतो. फाईल दाबून ठेवणं ही सबुरी नव्हे. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानं मुदती घालून दिल्या आहेत, नकाराचं कारण लेखी द्यायला सांगितलं आहे. ते कारण असं लिही की तिच्या नातवालाही वाचून कळावं.

आता दयेचं. दामाजीपंत आपल्याच खात्यातले म्हणायला हरकत नाही. पंढरपूरपासून सुमारे 25 किलोमीटरवर मंगळवेढं, तिथं ते बिदरच्या बादशहाच्या वतीनं कारभार पाहायचे. दुष्काळात माणसं मरू लागली तेव्हा त्यांनी सरकारी कोठारं उघडली. बादशहानं त्यांना धरून आणायला माणसं धाडली. मग विठोबा विठू महाराच्या रूपात बिदरला गेला, धान्याची किंमत भरली आणि पावती घेतली, अशी कथा आहे. त्या पावतीवर माझं मन फार वेळा जातं. देवाला दरबारचं दप्तर गायब करता आलं नसतं का? त्यानं हिशेब चुकता केला. तुझी दयाही अशीच असू दे. कळवळा आला म्हणून अपात्र माणसाचं नाव यादीत घुसवू नकोस. त्याची किंमत रांगेतल्या दुसऱ्या गरिबाला मोजावी लागते. जो इथं बसत नाही तो दुसऱ्या कुठल्या योजनेत बसतो का, कुठला कागद कमी आहे, वर प्रस्ताव पाठवता येईल का, हे शोधायची तोशीस आपण घ्यायची.

देवानं रूप कुणाचं घेतलं, तेही विसरू नकोस. बिदरला तो ज्या रूपात गेला, त्याच समाजाच्या माणसांना पंढरपूरच्या देवळात पाऊल टाकता येत नव्हतं. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी उपोषणाला बसले, तेव्हा कुठे ते दार उघडलं. आत देव सगळ्यांसाठीच उभा होता, अडवत होते ते दार राखणारे. आपण अधिकारी दार राखणारेच असतो गं. सरकारनं गरिबासाठी जे काही ठरवलं असेल, ते तुझ्या टेबलावरून पुढे गेलं तरच त्याच्यापर्यंत पोचणार. याचा विचार करताना मला आजही बेचैन व्हायला होतं.

हाताखालच्या माणसांशीही याच रीतीनं वाग. पोटच्या मुलावर करतो तीच दया नोकराचाकरांवर करायला तुकोबांनी सांगितलं आहे. कोतवालाला चारचौघांत झापू नकोस. चुकला असेल तर दालनात बोलाव, आधी त्याचं ऐकून घे, मग स्पष्ट बोल.

कुणी याला मऊपणा समजेल. वाळूचा ट्रक सोडा म्हणून पुढारी येतील, फोन येतील. त्यांच्याशीही गोडच बोल, ट्रक मात्र सोडू नकोस. ज्याला दुसरा आधार नाही त्याच्यासाठी कितीही थांब. ज्याला तुझ्या थांबण्यातून पैसा काढायचा आहे त्याच्यासाठी घटकाभरही नको.

पहिल्या आठवड्यात एक काम कर. गेल्या वर्षी नामंजूर झालेले निराधारचे अर्ज काढायला सांग आणि स्वतः वाच. केवळ एखादा दाखला जोडला नव्हता म्हणून कितीजण परत गेले ते वेगळं काढ. त्या माणसांना कोतवालाकरवी घरी निरोप धाड, कुठला कागद आणायचा तेही चिठ्ठीवर लिहून दे. काय निघतं ते मला कळव.

तुझा,
काका