खडखड, कुरकुर आणि घरघर

प्रश्न : माझ्याकडे 1986 सालची प्रीमिअर पद्मिनी आहे. काकांच्या पश्चात ती माझ्याकडे आली आणि गेली चार वर्षे मी ती हौसेने, बहुतेक रविवारीच चालवतो. खराब रस्त्यावर ताशी 20 ते 30 किलोमीटर वेगात मागच्या डाव्या बाजूने खडखड ऐकू येते. गुळगुळीत रस्त्यावर ती पूर्ण थांबते. मागचे दोन्ही शॉक अॅब्सॉर्बर बदलले, तरी फरक पडला नाही. आता पाटे (मागच्या चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) उतरवून पाहू, असे मिस्त्री म्हणतात. उतरवू द्यावेत का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : एवढ्यात उतरवू देऊ नका. आवाज ऐकू येतो ती जागा आणि आवाज जन्माला येतो ती जागा या दोन्ही एकच असतील असे नाही, आणि पद्मिनीच्या बाबतीत तर हे विशेष लक्षात ठेवावे लागते. तिचा मूळ आराखडा 1953 साली इटलीत आलेल्या फियाट 1100 चा आहे. त्यात खाली वेगळी चॅसी, म्हणजे सांगाडा, नाही, सगळी बॉडी सलग जोडलेल्या पत्र्याची आहे. त्यामुळे पुढे कुठेतरी निघालेला ठोका पत्र्यातून प्रवास करत मागच्या सीटखाली उमटू शकतो.

आपण पत्रात ‘खडखड’ हा शब्द वापरला आहे. तो नेमका आहे का, हे आधी तपासा, कारण आपल्या भाषेने या आवाजांची जी बारीक वर्गवारी करून ठेवली आहे ती गाडीतला दोष शोधताना फार उपयोगी पडते. खडखड ही दोन कठीण वस्तूंच्या सैल गाठीची, म्हणजे ढिला बोल्ट, झिजलेला बुश (सांध्यातले अस्तर), सुटलेली पट्टी यांची असते. कुरकुर कोरड्या रबराची किंवा घासणाऱ्या कडांची असते. घरघर फिरणाऱ्या भागाची, म्हणजे बेअरिंगची किंवा दातऱ्यांची असते. आणि खुळखुळ म्हणजे पोकळीत काहीतरी मोकळे पडले आहे. मिस्त्रींना नुसते “आवाज येतो” असे सांगितले की ते स्वतःच्या अनुभवाने सर्वांत मोठा भाग उघडतात, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नसतो.

यानंतर एक वही घ्या आणि गाडी उघडण्याआधी तीन गोष्टी लिहून काढा. गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये इंजिनचा वेग वाढवला तर आवाज येतो का? ब्रेक हलका दाबल्यावर तो थांबतो का? इंजिन थंड असताना आणि पंधरा-वीस मिनिटे चालवल्यावर त्यात फरक पडतो का? पहिल्याचे उत्तर ‘हो’ असेल तर दोष इंजिनच्या किंवा सायलेन्सरच्या बाजूला शोधावा. दुसऱ्याचे ‘हो’ असेल तर चाके आणि ब्रेककडे वळावे. गाडी तापल्यावरच आवाज येत असेल, तर तापून लांबलेला सायलेन्सरचा पाईप कुठेतरी बॉडीला टेकत असण्याची शक्यता मोठी असते. आपला आवाज केवळ खड्ड्यांत येतो, म्हणजे त्याला इंजिनचा वेग लागत नाही, हलणे लागते. त्यामुळे तो गाडी उभी असतानाही काढून दाखवता यायला हवा.

डिकी पूर्ण रिकामी करा. स्टेपनी, जॅक, पान्यांची पिशवी, पाण्याचा डबा, सगळे घरी ठेवून त्याच रस्त्यावरून एक फेरी मारा. डिकीत मोकळे राहिलेले जॅकचे हँडल अनेकांच्या महिनाभराच्या शोधाचे उत्तर ठरलेले मी पाहिले आहे. आवाज तरीही राहिला तर थंड गाडीवर बंद मुठीने सायलेन्सर, नंबरप्लेट, बंपर आणि मडगार्डच्या कडा ठोकून पाहा. मग एकाने डिकीवर जोर देऊन गाडी खाली-वर हलवावी आणि दुसऱ्याने बाजूला बसून पाट्यांच्या शॅकलवर (पाटा बॉडीला जोडणाऱ्या झुलत्या कडीवर), शॉक अॅब्सॉर्बरच्या वरच्या व खालच्या बुशवर एकेक करून तळहात ठेवावा. कान फसतो, तळहात फसत नाही. जिथे बुश सैल असतो तिथे ठोका हाताला टोचल्यासारखा लागतो. नवीन शॉक अॅब्सॉर्बर बसवले तरी त्यांचे रबर चेपलेले किंवा नट पुरेसा न आवळलेला असेल तर जुनाच आवाज कायम राहतो, म्हणून तेही याच वेळी तपासून घ्या. गाडीखाली शिरण्याची वेळ आली तर ती केवळ जॅकवर कधीही ठेवू नका. खाली मजबूत घोड्या (गाडी तोलून धरणारे स्टँड) लावा आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड द्या.

माझ्या स्वतःच्या पद्मिनीची एक गोष्ट सांगतो. दोन पावसाळ्यांपूर्वी तिच्या उजव्या दरवाजाखालून ‘टक’ असा आवाज येऊ लागला. मी शॅकलचे बुश बदलले, हँडब्रेकची केबल बांधली, दरवाजाच्या आतली काच वर-खाली करणारी यंत्रणा उघडली, आणि तीन महिने हातात काही आले नाही. शेवटी वहीतल्या नोंदी वाचताना लक्षात आले की आवाज खड्ड्यात येत नव्हता. तो ब्रेक दाबल्यावर एकदाच यायचा आणि गाडी निघाल्यावर पुन्हा एकदाच. म्हणजे एखादी वस्तू पुढे सरकून थांबत होती आणि मागे येऊन थांबत होती. दरवाजाखालच्या पोकळ पत्र्याच्या नळीत सुतळीला बांधलेले लोहचुंबक सोडले, तर एक नट चिकटून वर आला. मडफ्लॅप बसवताना कोणाच्या तरी हातून तो निसटला होता. त्या गंजलेल्या नटावर अजून जुना हिरवा रंग होता. तो मी वहीच्या पानाला चिकटवून ठेवला आहे.

म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला आणि त्यानंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने फेरी मारा. चार भाग एकदम बदलले आणि आवाज गेला, तरी तो कशाने गेला हे कळत नाही, आणि पुढच्या वर्षी तोच शोध पुन्हा करावा लागतो. एवढे सगळे करूनही ठोका शॅकलजवळच हाताला लागला, तर पाटे निश्चिंतपणे उतरवू द्या.

प्रश्न : माझ्या जुन्या फियाटमधून ताशी 40 च्या पुढे सतत घरघर येते. एक जण चाकाचे बेअरिंग म्हणतो, दुसरा डिफरन्शियल (मागच्या चाकांना फिरवणारी दातऱ्यांची पेटी). कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दोघांचेही नको, गाडीचे ऐका. सपाट, मोकळ्या रस्त्यावर एकदा अॅक्सिलरेटर दाबून आणि एकदा सोडून पाहा. सूर स्पष्ट बदलत असेल तर डिफरन्शियलच्या दातऱ्यांकडे संशय वळवा. तो तसाच राहून सौम्य वळणावर वाढत किंवा घटत असेल तर चाकाचे बेअरिंग तपासा, कारण वळणात बाहेरच्या चाकावर भार वाढतो. रस्त्याचा पृष्ठभाग बदलताच आवाज बदलत असेल, तर टायर असमान झिजला आहे.

एक हिशोबही उपयोगी पडतो. या गाडीचे चाक ताशी 40 च्या वेगाला सेकंदात साधारण सहा वेळा फिरते, आणि प्रोपेलर शाफ्ट (इंजिनची गती मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा) त्याच्या चौपटीहून थोडा जास्त. सहाचे ठोके कानाला वेगळे कळतात, पंचवीसचे कळत नाहीत, त्यांची गुणगुण होते. त्यामुळे सुटे ठोके ऐकू येत असतील तर चाक पाहा. सलग गुणगुण असेल तर शाफ्टच्या मधल्या बेअरिंगचे रबर फाटले आहे का तेही पाहायला सांगा. पुढचे चाक घोडीवर उचलून एका हाताने फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटे सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर टेकवा. खराब बेअरिंगची खरखर, कानाला ऐकू येण्याआधी, बोटांना जाणवते.

प्रश्न : पावसाळा संपला की दरवाजे कुरकुरतात. तेल लावावे का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : बिजागऱ्यांना लावा, रबराला लावू नका, खनिज तेलाने ते फुगून मऊ पडते. दरवाजात कागदाची पट्टी अडकवून बंद करा आणि ओढून पाहा. ती सहज निघाली तर रबर चेपले आहे किंवा लॉकचा खुंटा आत सरकवायला हवा. ती घट्ट राहिली आणि तरीही कुरकुर असेल, तर रबर ओल्या फडक्याने पुसून वाळवा आणि त्यावर थोडी टाल्कम पावडर चोळा.